मारुती ८०० प्रकल्प : केबल दोनदा गेली, शिवाय मामांची क्वालिस

मागच्या वेळी लिहिलं होतं की क्लच केबल नवी टाकली आणि पेडल लोण्यासारखं चालतंय. ते लोणी चार महिन्यांत घट्ट झालं. पेडल पुन्हा जड, सोडलं की सावकाश वर येणार. केबल काढून पाहिली तर आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. पहिलीही अशीच गेली होती, पण तेव्हा मी 'डुप्लिकेट माल' म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. चूक माझीच होती.

खरा चोर अर्थिंगची पट्टी. इंजिनपासून बॉडीला येणारी ही पट्टी बोल्टपाशी गंजून गेली होती. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. त्याला परतीची वाट मिळाली नाही की तो सापडेल त्या धातूतून जातो, आणि क्लच केबल त्याला आयती सापडते. मल्टिमीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मुलीला सेल्फ मारायला सांगितलं : २.१ व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. पट्टी बदलली, बोल्टाखालचा रंग खरवडला, आता ०.२. मगच तिसरी केबल टाकली. अस्तर असलेल्या केबलीत तेल सोडायचा मोह आवरा, तेल धूळ धरतं. ग्रीस फक्त पेडलच्या हुकाला.

फ्री प्ले, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा मोकळेपणा, केबलीच्या गिअरबॉक्सकडच्या नटावर लावला. हाताने दाबल्यावर पेडल दोनेक सेंटीमीटर मोकळं जातं. क्लच प्लेट झिजत जाते तसा हा मोकळेपणा कमी होतो. तो संपला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत घासतं आणि चढावर क्लच स्लिप व्हायला लागतो. म्हणून केबलवाल्या गाडीत अधूनमधून नट सैल करावा लागतो. मी बरीच वर्षं उलटा, आवळत होतो.

रविवारी मामा क्वालिस घेऊन आले. "अरे, गिअर पडत नाही, गॅरेजवाला म्हणतो प्लेट गेली." इंजिन बंद केल्यावर पाचही गिअर गुमान पडले. चालू केल्यावर रिव्हर्सला करकर. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. पेडल तीन-चार वेळा पंप केलं तर गिअर पडला, आणि तिथंच मला हायसं वाटलं. पंप करून फरक पडला तर समजायचं क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, आणि दुखणं तेलात किंवा सिलिंडरात. केबलला शंभरदा पंप करा, ती तशीच राहते.

बॉनेटखाली नुसती वेगळी बाटली शोधून मात्र निर्णय देऊ नका. काही गाड्यांत क्लच ब्रेकच्याच बाटलीतून तेल घेतो. गिअरबॉक्सपाशी काय पोचतंय ते बघा : नट लावलेली तार, की धातूची नळी. स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा) बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या धातूच्या घुमटाच्या, आत असेल तर बाहेर नुसती नळीच दिसेल.

मामांच्या बाटलीतली पातळी खाली गेली होती. "प्लेट झिजली की तेल उतरणारच," मामा म्हणाले. ब्रेकमध्ये असं होतं, क्लचमध्ये नाही. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि तेल उलट बाटलीत परत येतं, म्हणून हायड्रॉलिकला नट फिरवायची गरज सहसा पडत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती. पेडलमागचं कार्पेट कोरडं होतं, म्हणजे गळती तिथं नव्हती. स्लेव्हचं रबरी बूट उचललं तर बोटभर काळं तेल. स्लेव्हच्या रबरांचं किट टाकलं, डॉट ३ (ब्रेकचं तेल) भरलं, ब्लीडिंग केलं, म्हणजे नळीतली हवा काढली. मुलगी पेडलवर, मी खाली हवा सोडायच्या निपलपाशी : "दाब... धर... आता सोड." निपल बंद व्हायच्या आत तिनं दोनदा पाय उचलला, त्यामुळे हवा परत आत. तिसऱ्या फेरीत बुडबुडे थांबले.

जॅकच्या हँडलवर हे रंग खाणारं तेल सांडलं ते लगेच धुतलं नाही. सकाळी रंगाची पापडी हातात आली. मामांना अजून सांगितलेलं नाही.