कुठेच न लिहिलेले तीन ऑप्शन

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. दोन वर्षांपूर्वी मीच त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलं होतं. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तिने वर्गात प्रोजेक्टर लावला, लॅपटॉप सुरू केला आणि मेसेजिंग अ‍ॅपची विंडो आपोआप भिंतभर उघडली. समोर होता आईच्या बायोप्सीच्या रिपोर्टबद्दलचा माझाच मेसेज. पाचवीच्या सगळ्या वर्गाने तो वाचला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, अ‍ॅप चालू राहू दे, पालकांचे निरोप त्यावरच येतात. पण ते असं सगळ्यांसमोर उघडायला नको. आणि शाळेचा नंबर वेगळा ठेवता येईल का?"

सेटिंग्जमध्ये असं काही नव्हतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो, त्यामुळे पहिला विचार आला तो कमांड लाइनचा, म्हणजे माउसऐवजी टाइप करून आज्ञा देण्याचा. प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या नावापुढे एखादा ऑप्शन दिला की तो वेगळ्या तऱ्हेने उघडतो, हे रोजच्या वापरातलं. टर्मिनलमध्ये अ‍ॅपचं नाव आणि पुढे '--हेल्प' (अर्थात रोमन लिपीत) असं टाइप केलं. ऑप्शनची यादी यायला हवी होती, आली अ‍ॅपची विंडो. 'मॅन' कमांड (प्रोग्रॅमचं माहितीपान दाखवणारी) चालवली, तर या नावाचं पानच नाही. अ‍ॅपच्या मदत विभागात इन्स्टॉल कसं करायचं, फोनशी कसं जोडायचं, सगळं व्यवस्थित होतं. ऑप्शनबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

मग लोकांनी इकडेतिकडे दिलेली जुनी उत्तरं गोळा केली. कुणी एक रेघ लिहिलेली, कुणी दोन, कुणाचं स्पेलिंगच वेगळं. एकेक करून पाहिलं. प्रत्येक वेळी अ‍ॅप नेहमीसारखंच उघडायचं. चुकीचा ऑप्शन दिला तर 'असा ऑप्शन नाही' एवढं तरी प्रोग्रॅमने सांगावं. इथे काहीच नाही. स्पेलिंग चुकलंय, ऑप्शन काढून टाकलाय की तो कधी नव्हताच, हे कळायला मार्ग नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माझी चाचणीच चुकत होती. विंडो बंद केली तरी अ‍ॅप बंद होत नव्हतं, मागे चालूच राहत होतं. अशी अ‍ॅप्स एका वेळी एकदाच चालतात. दुसऱ्यांदा सुरू केलं की नवी प्रोसेस (सुरू झालेला प्रोग्रॅम) आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला 'तुझी विंडो पुढे आण' एवढं सांगते आणि स्वतः संपते. म्हणजे मी दिलेला बरोबर ऑप्शनसुद्धा वाया जात होता. 'पीएस' कमांडने प्रोसेस शोधायची, ती पूर्ण थांबवायची आणि मगच पुढचा ऑप्शन तपासायचा, असा क्रम ठेवल्यावर कुठे काम पुढे सरकलं. या एका गोष्टीपायी कितीतरी लोकांनी 'हा ऑप्शन चालत नाही' असं ठरवून सोडून दिलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही अंदाजाने स्पेलिंग शोधत बसण्यात अर्थ नव्हता. अ‍ॅप ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला होता, म्हणून तो सोर्स कोड उतरवून घेतला. ते इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने कॉम्प्युटरची अ‍ॅप्स बनवायच्या साधनावर, बांधलेलं आहे. इलेक्ट्रॉन गिटहब या कंपनीत अ‍ॅटम एडिटरसाठी तयार झालं, २०१३ मध्ये, तेव्हा त्याचं नाव अ‍ॅटम शेल होतं. त्यात क्रोमियम ब्राउझर आणि नोड (जावास्क्रिप्ट भाषेतला कोड ब्राउझरबाहेर चालवणारं साधन) एकत्र येतात. त्यामुळे अशा अ‍ॅपला दोन प्रकारचे ऑप्शन कळतात. काही क्रोमियमकडून आलेले, काही अ‍ॅपने स्वतःचे वाढवलेले. मला दुसरे हवे होते. नोडमध्ये कमांड लाइनवरून आलेला मजकूर 'प्रोसेस डॉट आर्ग्व्ही' या यादीत येतो, म्हणून कोडमध्ये 'आर्ग्व्ही' शब्द शोधला.

तीन ऑप्शन सापडले. पहिला '--स्टार्ट-इन-ट्रे', म्हणजे विंडो न उघडता खालच्या पट्टीतल्या आयकॉनमध्ये सुरू होणारा. दुसरा नुसता ट्रे आयकॉन दाखवणारा. तिसरा '--युजर-डेटा-डिर', ज्याच्यापुढे वेगळ्या फोल्डरचा पत्ता दिला की अ‍ॅप तिथे स्वतंत्र खातं उघडतं आणि आधीच्या खात्याच्या बरोबरीने चालतं. बहिणीला हवं होतं ते सगळं आधीपासून तिथेच होतं. 'गिट लॉग'मध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींत, पहिल्या ऑप्शनचा उगम शोधला, तेव्हा तो टाकणाऱ्याने दोन ओळींत सुरेख लिहून ठेवलेलं दिसलं. लॉगिन होताना विंडो समोर येऊ नये, म्हणून हा ऑप्शन. गरज कुणालातरी नेमकी कळली होती, समजावूनही सांगितली होती. फक्त ते वापरणाऱ्यापर्यंत कुणी पोचवलंच नव्हतं.

लॅपटॉपवर बसवायला फारसा वेळ लागला नाही. घरच्या फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग'च्या आत 'ऑटोस्टार्ट' (लॉगिन होताच सुरू होणाऱ्या गोष्टींचं फोल्डर) असतं, तिथल्या डेस्कटॉप फाइलच्या 'एक्झेक' (सुरू करायची आज्ञा) ओळीत ऑप्शन घातला. मेनूसाठीची फाइल 'यूएसआर' या सिस्टिमच्या फोल्डरमधून घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करून मगच बदलली, नाहीतर पुढच्या अपडेटला बदल पुसला गेला असता. शाळेच्या खात्यासाठी वेगळा फोल्डर आणि वेगळा आयकॉन.

तिचं काम झालं, पण मला ते तिथे सोडवेना. मी त्या तीन ऑप्शनची माहिती लिहून प्रकल्पाकडे बदल म्हणून पाठवली. ऑप्शन काय करतो एवढंच लिहून भागत नव्हतं. अ‍ॅप आधी पूर्ण बंद करा. ट्रे नसलेल्या डेस्कटॉपवर पहिला ऑप्शन वापरू नका, अ‍ॅप चालू असूनही दिसणार नाही (ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपने जुना ट्रे २०१७ मध्ये काढून टाकला, तिथे एक्स्टेंशन लागतं). वेगळ्या फोल्डरमध्ये तुमचे मेसेज असतात, तो डिलीट केला की तेही गेले. हे सगळं मी आवर्जून घातलं.

एका डेव्हलपरचं उत्तर आलं की हे ऑप्शन अधिकृत नाहीत, उद्या बदलू शकतात. लिहून ठेवले तर लोक त्यांच्यावर विसंबून राहतील. त्यांची अडचण खरी होती. मी लिहिलं, लोक आजही विसंबून आहेत, फक्त ऐकीव माहितीवर. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं. त्याच्या पानांवरही 'बग्ज' असं शीर्षक देऊन त्या त्या प्रोग्रॅममधल्या उणिवा नोंदवलेल्या होत्या. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या धोरणात तर मॅन पेज नसणं हाच बग, म्हणजे दोष, धरला जातो. बदलू शकतं, तर 'बदलू शकतं' हेही लिहूया. तीन आठवड्यांनी माझा मजकूर घेतला गेला, वर तेच वाक्य घालून. '--हेल्प' दिल्यावर यादी यावी ही मागणी मात्र अजून तशीच पडून आहे. तो कोड लिहायला मी घेतला आहे.

बहिणीसाठी तीच माहिती मराठीत एका पानावर लिहून दिली. परवा तिचा फोन आला. केंद्रातल्या दुसऱ्या एका मॅडमना तिने ते पान दिलं होतं आणि त्या दोघी तिसऱ्या ऑप्शनपाशी अडल्या होत्या. "दादा, 'फोल्डरचा पूर्ण पाथ' म्हणजे कुठून कुठपर्यंत लिहायचं?" मी ती ओळ खोडून तिथे एक उदाहरण घातलं, आणि मूळ इंग्रजी माहितीतही तोच बदल त्याच रात्री पाठवला.