उणे 4 डिग्रीत खिडक्या सताड उघड्या

मागच्या आठवड्यात इथे जर्मनीतल्या घरात बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके, चांगले हातभर पसरलेले. लगेच घरमालकाला फोन केला, पाइप लीक असेल म्हटलं, कारण आपल्याकडे ओल म्हणजे गच्ची नाहीतर वरच्यांचं बाथरूम, तिसरं काही डोक्यात येतच नाही. ते आले, भिंतीला हात लावला आणि मलाच विचारलं, तुम्ही दिवसातून किती वेळा लुफ्टन करता?

मला! रामबागेतल्या ज्या घरात मी वाढले तिथे खिडक्या फक्त लू सुरू झाली की लागायच्या. आणि सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या इंदूरची मी, माझ्या भिंतीला बुरशी?

तर लुफ्टन म्हणजे घरातली हवा बदलणं, आमच्या स्टुटगार्टच्या भाडेकरारातच लिहिलंय ते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी बंद. मी खिडकी वरून जराशी तिरकी करून दिवसभर ठेवायचे, तर ते म्हणे सगळ्यात वाईट, हवा नीट बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. बाहेर उणे 4, आत पैसे मोजून तापवलेलं घर, आणि खिडक्या उघडा! शुद्ध वेडेपणा वाटला मला. पण हिशोब असा आहे की 20 डिग्रीच्या एक घनमीटर हवेत सतरा ग्रॅम वाफ मावते, शून्य डिग्रीला जेमतेम पाच, म्हणजे बाहेरची गार हवा आत येऊन तापली की एकदम कोरडी होते आणि घरातली ओल घेऊन बाहेर जाते. ती ओल आपलीच, श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून चौघांच्या घरात दिवसाला दहाएक लिटर. कपाटामागे ऊब पोचत नाही, भिंत गार, मग वाफ तिथेच जाऊन बसते.

कपडे मी हॉलमध्येच वाळत घालते, हे कबूल. पण रविवारचे पोहे? इंदुरी पोहे वाफेवर ठेवावेच लागतात, त्याला कोण काय करणार.

आणि हेच शास्त्र आपल्याकडे श्रावणात चालवून दाखवा ना! बाहेरचीच हवा ओलीचिंब, मिठाला पाणी सुटतं, खिडक्या उघडून काय डोंबल वाळणार. हे लोकसुद्धा उन्हाळ्यात तळघराची खिडकी भर दुपारी उघडू नका म्हणतात, गरम हवेतलं पाणी गार भिंतीवर बसतं म्हणून. म्हणजे आई पावसाळ्यात ट्रंकांची खोली बंद ठेवायची ते काही अडाणीपणाने नव्हे. घरमालकांना हे ऐकवायचं होतं, पण माझं जर्मन तेवढं पोचलं नाही.

ठिपके हातमोजे घालून स्पिरिटने पुसले, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणलं, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलं. 60 च्या वर काटा गेला की मुलगाच ओरडतो, आई, खिडकी!

काल हे सगळं आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाली, एवढं कशाला, पंखा चालव ना. पंखा! ह्या घराच्या छताला हूकच नाहीये.