हायड्रोजनच्या चार रेषा आणि एक आगंतुक

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हायड्रोजनच्या रेषांच्या तरंगलांबीवरून रिडबर्ग स्थिरांक काढायला आम्ही आता यूएसबीचा स्पेक्ट्रोमीटर वापरतो. तळहातावर मावेल एवढी डबी, आत रंग वेगळे करणारं ग्रेटिंग आणि प्रकाश टिपणारा २०४८ पिक्सेलचा सीसीडी, पुढे ऑप्टिकल फायबर. ३५० ते १००० नॅनोमीटरचा पट्टा त्या पिक्सेलांवर पडतो, म्हणजे पिक्सेलमागे साधारण ०.३२ नॅनोमीटर. पण स्लिट, म्हणजे उजेड आत सोडणारी फट, २५ मायक्रॉनची, त्यामुळे रेषेची रुंदी दीड नॅनोमीटरच्या खाली येत नाही. सॉफ्टवेअर मात्र कर्सरखाली दोन दशांश स्थळं दाखवतं आणि मुलं ती तशीच जर्नलमध्ये उतरवतात.

जोडणी सोपी आहे. ड्रायव्हर आधी टाकायचा, केबल नंतर लावायची, आणि तीही सीपीयूच्या मागच्या पोर्टला. पुढच्या सैल पोर्टवर हात लागला की स्कॅन मध्येच थांबतो. फायबरचा नट बोटांनीच आवळायचा, पक्कड लावायची नाही. फायबर दुमडला तर आत तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. फक्त सिग्नल पडतो.

खरा वेळ जातो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कोणता पिक्सेल कोणत्या तरंगलांबीचा ते ठरवण्यात. मर्क्युरी (पाऱ्याचा) लॅम्प लावून दहा मिनिटं तापू द्यायचा. मग ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७, ५७६.९६ आणि ५७९.०७ नॅनोमीटरच्या या रेषा कोणत्या पिक्सेलवर पडतात ते टिपून एक्सेलमध्ये तिसऱ्या घाताचं बहुपद बसवायचं. एवढ्यावर भागेल असं वाटतं, पण भागत नाही. शेवटच्या दोन रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि ५७९च्या पुढे एकही बिंदू नाही. बहुपद तिथून पुढे मोकाट सुटतं, आणि आपल्याला हवी असलेली हायड्रोजनची लाल रेषा आहे ६५६.२८ला. त्याच स्टँडवर निऑनची ट्यूब लावून ६४०.२२ आणि ७०३.२४ या रेषाही घ्या. नवे चार सहगुणक भरण्याआधी जुने कागदावर लिहून ठेवा. ते उपकरणाच्याच मेमरीत असतात, एकदा पुसले की गेले.

आता हायड्रोजन ट्यूब. ट्रान्सफॉर्मर काही हजार व्होल्टचा, म्हणून फायबर जुळवताना तो बंदच. फायबरचं तोंड ट्यूबच्या बारीक मधल्या भागासमोर सेंटिमीटरभर अंतरावर ठेवायचं. ट्यूब तीस सेकंद चालू, तीस सेकंद बंद. सलग जळत ठेवली तर तिचं आयुष्य घटतं. ६०० नॅनोमीटरच्या आसपास दाटीवाटीनं बारीक शिखरं दिसतात. ती हायड्रोजनच्या रेणूंची, अणूंची नव्हेत, सोडून द्यायची.

इंटिग्रेशन टाइम, म्हणजे सीसीडी उजेड गोळा करतो तो वेळ, एकच ठेवून चारही रेषा नीट मिळत नाहीत. ४१०.१७ची जांभळी रेषा दिसावी म्हणून वेळ वाढवला की लाल रेषा सॅच्युरेट होते, म्हणजे सीसीडीची कमाल मर्यादा गाठते. ग्राफ ऑटोस्केलवर असेल तर ते पटकन लक्षातही येत नाही, शिखराचा माथा किंचित सपाट दिसतो एवढंच. सोळा बिटांच्या उपकरणात ६५,५३५ ही कमाल. शिखर पन्नास हजारांच्या आसपास ठेवावं. आम्ही दोन स्पेक्ट्रम घेतो: कमी वेळाचा लाल आणि निळसर-हिरव्या ४८६.१३ रेषेसाठी, जास्त वेळाचा ४३४.०५ आणि ४१०.१७साठी. वेळ बदलला की डार्क, म्हणजे वजा करायचा ट्यूबच्या उजेडाविनाचा स्पेक्ट्रम, नव्याने घ्यायचा. हे हमखास विसरलं जातं.

आणि मग तो आगंतुक. बाकीच्या तीन रेषांवरून रिडबर्ग १.०९७ × १०⁷ प्रति मीटर येतो, आणि नेमक्या तिसऱ्या, ४३४च्या रेषेवरून १.०९३. मुलं गणित पुन्हा तपासतात, पण गणितात चूक नसते. छतावरच्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि त्याची ४३५.८३ची रेषा हायड्रोजनच्या शेजारीच उभी असते. दीड नॅनोमीटर रुंदीच्या उपकरणात दोन्ही एकमेकींत मिसळतात, आणि कर्सर उंच शिखरावर म्हणजे पाऱ्यावर बसतो. खोलीचा उजेड डार्कमध्ये धरून वजा करायचा प्रयत्न फसतो, कारण कुणी मध्ये उभं राहिलं की सावली बदलते. शिवाय जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. ट्यूबलाइट बंद करून फायबरवर काळं कापड टाकणं हाच उपाय. ५४६.०७ला काही दिसतंय का ते आधी पाहावं. तिथे शिखर असेल तर पारा आत शिरला आहे.

ग्राफ खडबडीत दिसला की मुलांचा हात बॉक्सकारकडे, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांच्या सरासरीकडे, जातो. बॉक्सकार २ म्हणजे पाच पिक्सेलांची सरासरी, सुमारे १.६ नॅनोमीटर, पाऱ्याची ५७६.९६ आणि ५७९.०७ची पिवळी जोडी त्यात एक होऊन बसते. त्याऐवजी स्कॅनची संख्या वाढवावी. सोळा स्कॅनच्या सरासरीनं नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो आणि रेषा रुंदावत नाहीत.

उत्तर १.०९७१ आलं तर तोंडी परीक्षेत एक प्रश्न राखून ठेवावा: हायड्रोजनचा मान्य आकडा १.०९६८, मग आपला जास्त का? तरंगलांबी हवेतली आहे, आपल्या उत्तराला हवेच्या १.०००२८ या अपवर्तनांकानं भागलं की हिशेब जुळतो.

सोडियमची जोडी मात्र या डबीत कधीच सुटी होत नाही, ०.६ नॅनोमीटरचं अंतर तिच्या आवाक्याबाहेरचं. तो प्रयोग आम्ही जुन्या स्पेक्ट्रोमीटरवरच ठेवला आहे. इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग, दुसरा ऑर्डर, स्लिट अगदी बारीक: दोन पिवळ्या रेषा साडेतीन मिनिटांच्या कोनानं वेगळ्या दिसतात.