डिझेलचा स्टोव्ह, चिमणी आणि पहिली पंधरा मिनिटं

ऑक्टोबर आला की इथे स्कॉटलंडात क्लाइडच्या खाडीच्या किनाऱ्यावर निम्म्या बोटी क्रेनने उचलून यार्डात ठेवतात आणि मला नेमकं तेव्हाच पाण्यात राहावंसं वाटतं. गर्दी नाही, टार्बर्टच्या बंदरात हवी ती जागा मिळते, ब्यूट बेटाभोवतीच्या अरुंद खाड्यांत, काइल्स ऑफ ब्यूटमध्ये, नांगर टाकला तर आजूबाजूला चिटपाखरू नाही. पण महिन्याच्या शेवटी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की संध्याकाळी पाचच्या आत अंधार, आणि मग बोटीत जी थंडी शिरते ती घरातल्या थंडीसारखी नसतेच, ती ओली असते. फायबरग्लासचा पातळ हल, म्हणजे बोटीचं कवच, त्याच्या पलीकडे दहा-बारा डिग्रीचं पाणी, आत दोन माणसं श्वास घेतायत, कुकर लागलाय, आणि सकाळी गादी उचलून बघावं तर खाली पाणी, लॉकरमधल्या स्वेटरला कुबट वास.

भारतातून कोणी ना कोणी विचारतंच की एवढा गॅस आहे ना बोटीवर, तोच जरा वेळ चालू ठेवायचा. तर नाही. एक किलो प्रोपेन जाळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि स्वयंपाकाच्या शेगडीला चिमणी नसल्यामुळे ते सगळं केबिनमध्येच राहतं. म्हणजे ऊब मिळते पण तिच्याबरोबर पाऊसही. डिझेल जळतानाही लिटरमागे साधारण लिटरभर पाणी तयार होतं, फरक एवढाच की ते चिमणीतून डेकच्या वर निघून जातं आणि आत येते ती कोरडी ऊब. माझ्या मते सगळी गंमत त्या कोरडेपणात आहे, थर्मामीटर कितीही दाखवू दे.

डिझेल हीटर दोन जातींचे. एक पंख्याचे, एबरस्पेचर किंवा वेबास्टोसारखे. बटण दाबलं की आतला ग्लो प्लग, म्हणजे विजेवर तापणारी छोटी कांडी, तापतो, छोटा पंप टिक-टिक करत डिझेल सोडतो, पंखा गरम हवा पाइपांतून सगळ्या केबिनमध्ये फिरवतो. सोयीचे आहेत, वाद नाही. पण पेटताना काही मिनिटं आठ-दहा अँपिअर खेचतात, नंतरही पंख्याला वीज लागतेच, आणि हिवाळ्यात सोलर जवळजवळ शून्य असताना बॅटरी जपावी लागते. दुसरी जात म्हणजे थेंबाथेंबाने डिझेल घेणारा स्टोव्ह. डेन्मार्कचा रेफ्लेक्स, कॅनडाचा डिकिन्सन हे त्यातले नावाजलेले. मच्छीमार बोटींवर वर्षानुवर्षं चालत आलेलं डिझाइन. ह्यात मोटर नाही, पंखा नाही. टाकी वर, स्टोव्ह खाली, डिझेल आपल्या वजनाने उतरतं. आमच्याकडे हाच आहे आणि माझा जीव ह्याच्यावर आहे.

रचना अगदी साधी. मध्ये स्टीलचं उभं भांडं, त्याच्या भिंतीला ओळीने बारीक भोकं. बाजूला एक रेग्युलेटर, बहुतेकांकडे टोबी नावाचा असतो, त्याच्यात फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा असतो जो डिझेलची पातळी एका उंचीवर धरून ठेवतो आणि वरचा नॉब फिरवला की थेंब कमी-जास्त. पातळी चुकून फार वर गेली तर खटका पडतो आणि डिझेल बंद. हा रेग्युलेटर बसवताना स्टोव्हच्या पुढे किंवा मागे बसवायचा, डाव्या-उजव्या बाजूला नाही, कारण शिडावर बोट आडवी कलते आणि रेग्युलेटर स्टोव्हपेक्षा वर गेला की भांड्यात डिझेल जास्त यायला लागतं. बोट घेताना ही एक गोष्ट नक्की बघा.

आता पेटवणं. आधी डेकवर जाऊन चिमणीचं झाकण काढलंय ना ते बघायचं. मग स्टोव्हचं वरचं झाकण उघडून टॉर्च मारायचा, तळाला जुनं डिझेल साचलेलं असेल तर फडक्याने टिपून घ्यायचं, हे न टाळता. मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग रेग्युलेटरची दांडी वर, नॉब एकवर, आणि भांड्याचा तळ नुसता ओला होईपर्यंत थांबायचं. चमचाभर पुरे. त्याच्यावर थोडं स्पिरिट, इथे ते जांभळ्या रंगाचं मिळतं, आणि टिश्यूचा एक बोळा, लांब दांडीच्या लायटरने पेटवायचा आणि झाकण लावायचं.

इथून पुढची पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. हेच लोकांना जमत नाही. सुरुवातीची ज्योत पिवळी, आळशी, तळाशी लोळणारी असते आणि ती बघून हात नॉबकडे जातो. डिझेल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हायला लागते, आणि वाफ होण्याइतकं भांडं तापायला जो वेळ लागतो तो लागतोच. तेवढ्यात जास्त डिझेल सोडलं तर ते तळाला साचतं, आणि भांडं तापल्यावर ते सगळं एकदम उकळतं. मग ज्योत ढणाढणा वर जाते, चिमणी लाल होते आणि तुमच्या हातात डिझेल बंद करून दूर उभं राहण्यापलीकडे काही उरत नाही. पाणी तर चुकूनही मारायचं नाही.

गेल्या वर्षी आई चिपळूणहून आली होती, पांघरूण गुंडाळून बर्थवर बसून माझं हे सगळं बघत होती. मी तिला समजावून सांगायला लागले तर म्हणाली, "अगं, हा तर आपला पंपाचा स्टोव्ह, फक्त पंप नाही. काकडा लावून बर्नर तापवल्याशिवाय तो तरी कुठे धड पेटायचा? घाई केली की रॉकेलचा भडका आणि पातेलं काळं." मला हे कधी सुचलंच नव्हतं आणि तिने पाच मिनिटांत ओळखलं. तत्त्व तेच आहे, आधी बर्नर गरम, मग इंधनाची वाफ, मग निळी ज्योत. आमच्या स्टोव्हला डिझेल येतं त्या तोंडाशी जमलेला कार्बन काढायला आत-बाहेर करायची पिनसुद्धा आहे, ती दाखवल्यावर आईला फार आनंद झाला.

भांडं तापलं की आवाज बदलतो. आधी फडफड असते, मग एक मंद, सलग घुमणं सुरू होतं, आणि काचेतून बघितलं तर ज्योत वरच्या कड्याला धरून उभी असते, बुडाशी निळी, टोकं पिवळी. आता नॉब हळूहळू वाढवायचा, एका वेळी थोडाच, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं थांबायचं. अजून एक गोष्ट, तासाभराने केबिन गरम झाली की ज्योत आपोआप थोडी चढते, कारण रेग्युलेटरमधलं डिझेल गरम होऊन पातळ होतं आणि त्याच नॉबवर जास्त वाहतं. तेव्हा नॉब थोडा मागे घ्यायचा. मंद आचेवर तासाला साधारण शंभर-दीडशे मिलीलिटरमध्ये आमची छोटी केबिन मस्त राहते.

आणि आता हवा. स्टोव्ह काजळी धरतो, धूर आत येतो, ज्योत नाचते, ह्यातल्या बहुतेक तक्रारींत लोक डिझेलला, फिल्टरला, रेग्युलेटरला दोष देतात आणि मूळ असतं चिमणीत. चिमणी ओढते तेव्हाच भांड्याच्या भोकांतून हवा आत जाते. नळी आखूड असेल, वाकडी असेल, गार असेल तर ओढ नाही. म्हणून पेटवायच्या आधी चिमणीच्या खालच्या तोंडाशी थोडा टिश्यू जाळून ती कोमट करून घेतली की फार फरक पडतो. नांगरावर बोट आपणहून वाऱ्याला तोंड देऊन उभी राहते त्यामुळे तिथे सहसा त्रास नसतो, पण मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, वारा मागून आला किंवा शिड चढवलेलं असलं की त्याच्यावरून घसरणारा वारा खाली चिमणीत घुसतो आणि ज्योत दबते. त्यासाठी वर एच आकाराची टोपी मिळते, आणि नळीवर एक झुलती पट्टी असते जी झोत आला की उघडून केबिनची हवा आत घेते, म्हणजे ओढ एकसारखी राहते. ही पट्टी अडकलेली नाही ना हे अधूनमधून बोटाने हलवून बघावं.

जळायला लागणारी हवा हा स्टोव्ह केबिनमधूनच घेतो. थंडी वाजते म्हणून डेकवरचे व्हेंट, म्हणजे हवा यायची तोंडं, चिंध्या कोंबून बंद करणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही. अलार्म लावाच, आणि घरचा नको, ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लिहिलेला घ्या, तो बोटी आणि कॅरव्हॅनसाठी असतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कालव्यांवर राहायची सोय असलेल्या बोटींना २०१९पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, समुद्रावरच्यांनी सक्तीची वाट कशाला बघायची?

एक नियम मात्र मी बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पाहुणा असो की नवरा. स्टोव्ह मधेच विझला आणि भांडं गरम असेल तर परत काडी लावायची नाही. आत डिझेलची वाफ भरलेली असते, दिसते पांढऱ्या धुरासारखी, आणि ठिणगी पडली की झाकण उडतं. गरम भांड्यात स्पिरिट ओतणं तर त्याहून वाईट. डिझेल बंद करायचं, जास्तीचे कपडे घालून बसायचं, भांड्याला हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, तळ पुसायचा आणि पहिल्यापासून सगळं. तास जातो. जाऊ दे.

बाकी वर सपाट तवा आहे, त्याला कडेने रेलिंग, म्हणजे बोट हलली तरी भांडं घसरत नाही. किटली दिवसभर तिथेच. मुगाची खिचडी दुपारी ठेवली की संध्याकाळपर्यंत निवांत शिजते आणि गॅसही वाचतो. ओले हातमोजे मात्र वर टांगायचे, चिमणीपासून हातभर लांब.

झोपताना मी बंद करते, मंद ठेवून झोपणारेही आहेत पण मला ते नको वाटतं. रेग्युलेटरची दांडी खाली, मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद. भांड्यात उरलेलं जळून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ दात घासायचे, नांगराची साखळी बघून यायची, आणि ज्योत पूर्ण गेली हे काचेतून डोळ्यांनी बघितल्यावरच स्लीपिंग बॅगेत शिरायचं.