जपान फाउंडेशनच्या अनुदानाचा अर्ज: माझा अनुभव

आमच्या महाविद्यालयातल्या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र वर्गासाठी जपान फाउंडेशनकडे, म्हणजे जपान सरकारच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या संस्थेकडे, अनुदानाचा अर्ज करायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना एक गोष्ट लक्षात आली: जपानी बाजू सरळ असते, खरी अडचण पैसे भारतात घेण्याची असते. त्यामुळे प्रस्ताव लिहायला बसण्याआधी संस्थेच्या लेखापालांकडे जाऊन बसावं.

पहिला प्रश्न, दार कोणतं ठोठवायचं. जपान फाउंडेशनचं काम तीन विभागांत चालतं: कला-संस्कृती, परदेशातलं जपानी भाषाशिक्षण आणि जपान अभ्यास व आंतरराष्ट्रीय संवाद. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत चालतो तो भाषावर्ग. त्याला ‘जपान अभ्यास’ म्हणून मांडलं की परीक्षक विचारणार, इतिहास, राजकारण, साहित्य यांवर संशोधन करणारे प्राध्यापक किती? ते नसतील तर भाषाशिक्षणाच्या योजनांकडेच जावं. त्यात शिक्षकांचं मानधन, अध्यापन साहित्य, कार्यशाळा, वक्तृत्व स्पर्धा असे प्रकार येतात. योजना दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची मार्गदर्शिकाच वाचावी. भारतातल्या संस्थांनी नवी दिल्लीच्या कार्यालयाशी आधी ईमेलवर बोलून घ्यावं.

आता एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, 2010. परदेशातून पैसे घ्यायला या कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा परवानगी लागते. महाराष्ट्रात महाविद्यालय सहसा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतं. ते चालवते शिक्षण संस्था. पॅन तिचा, विश्वस्त नोंदणी तिची, एफसीआरए नोंदणी असली तर तीही तिचीच. अर्जावर मात्र महाविद्यालयाचं नाव आणि प्राचार्यांची सही, खात्यावर संस्थेचं नाव, असं झालं की गाडी अडते. अर्जदार म्हणून संस्थेचं नोंदणीकृत नाव जसंच्या तसं घालावं, महाविद्यालय ‘राबवणारा विभाग’ म्हणून दाखवावं आणि कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडावा.

नोंदणी नसेल तर एका ठरावीक अनुदानापुरती पूर्वपरवानगी मागता येते, अर्ज एफसी-3बी. त्यासाठी देणाऱ्याचं रक्कम आणि उद्देश सांगणारं पत्र लागतं, आणि देणारा विचारतो, परवानगी आहे का! तोडगा एवढाच, की मंजुरीपत्र ‘सरकारी परवानगीच्या अधीन’ असं मागावं. कायद्यात निर्णयासाठी साधारण 90 दिवस म्हटलंय, पण त्या भरवशावर वेळापत्रक बांधू नये. जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच 1 एप्रिल ते 31 मार्च. निकाल वसंतात लागतो आणि खर्च मार्चअखेर संपवायचा असतो. परवानगीत पावसाळा गेला तर दुसऱ्या सत्रातच सगळं उरकावं लागतं. म्हणून प्रस्तावातले उपक्रम मुळातच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावेत.

लोक हमखास चुकतात त्या दोन समजुती. एक, पैसे रुपयांत आले तर एफसीआरए लागत नाही. लागतो, चलन नव्हे, देणारा कोण हे पाहिलं जातं. दोन, पुस्तकं भेट आली तर काही करावं लागत नाही. संस्थेला आलेली वस्तूही विदेशी अंशदानच धरली जाते. सरकारी किंवा विद्यापीठाच्या विभागाला सूट असेलच असंही गृहीत धरू नये; वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं.

पैसे उतरतात ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. 2020 च्या दुरुस्तीपासून हे सक्तीचं आहे. खातं जवळच्या शाखेतून उघडता येतं, दिल्लीला जावं लागत नाही. त्यात एक रुपयाही स्थानिक पैसा मिसळायचा नाही. आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे ‘शेजारच्या महाविद्यालयाबरोबर वाटून घेऊ’ हा विचार सोडावा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के.

अंदाजपत्रकात गोल आकडे कोणालाच पटत नाहीत. ‘मानधन 50,000’ याऐवजी ‘आठवड्याला 4 तास, 15 आठवडे, तासाला 800 रुपये: 48,000’ असं लिहावं. आकडा टीडीएस (मानधनातून आधीच कापला जाणारा आयकर) कापण्याआधीचा घालावा, नाहीतर शिक्षकाच्या हातात कमी पडतं आणि फरक संस्थेला भरावा लागतो. येनचा दर हलतो, मधली बँकही शुल्क कापते. ती तूट भरून काढायला संस्थेचा स्वतःचा वाटा आधीच दाखवून ठेवावा. तसा वाटा दिसला की प्रस्तावाचं वजनही वाढतं. संगणक, फर्निचर, रंगरंगोटी मागू नये. ‘इरोदोरी’सारखं पाठ्यपुस्तक फाउंडेशनच्याच संकेतस्थळावर फुकट उपलब्ध असताना खरेदीच्या यादीत दिसलं, तर अर्जदाराने काहीच पाहिलेलं नाही हे उघड होतं.

वर्गाची माहितीही नेमकी हवी: पातळीनुसार विद्यार्थी, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन5 आणि एन4 या सुरुवातीच्या पातळ्यांना बसलेले व पास झालेले, शिक्षकांची स्वतःची पातळी. अनुदान संपल्यावर वर्ग कशावर चालेल, या रकान्यात ‘प्रयत्न करू’ लिहिण्यापेक्षा शुल्काचा हिशोब मांडावा.

मंजुरीनंतर घाई करून करारातल्या तारखेआधी खरेदी केली तर तो खर्च गेलाच म्हणून समजा. कच्चं बिल चालत नाही. मराठी पावतीच्या छायाप्रतीवर इंग्रजीत दोन शब्द लिहावेत: कशासाठी, किती. ही फाइल पावती हाती येईल त्या दिवशीच भरत जावी, कारण वर्षअखेरीस दुकानदार जुन्या तारखेचं बिल देत नाही आणि द्यायलाही सांगू नये.

मार्चनंतर दोन हिशोब द्यायचे असतात. एक फाउंडेशनला, त्यांच्या नमुन्यात. दुसरा गृह मंत्रालयाला, सीएच्या प्रमाणपत्रासह एफसी-4 या वार्षिक विवरणपत्रात, 31 डिसेंबरच्या आत. फाउंडेशनच्या बऱ्याच योजनांची पुढच्या वर्षाची मुदतही डिसेंबरच्या सुरुवातीलाच येते. सीएकडे कागद ऑक्टोबरात पोचते करावेत; डिसेंबरात त्यांना तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.