साडेतीन महिन्यांचं वर्ष

सामन्यांचं वेळापत्रक म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक गरीब कागद. लोक त्यात आपला संघ, तारीख आणि वेळ तेवढी बघतात. तो आखणाऱ्याची आठवण निघते ती सामना भर दुपारी लागला तर, आणि तीही शिव्यांसकट. नव्या देशाचा झेंडा, राष्ट्रगीत, नोटा यांवर हौसेनं लिहिलं जातं. पण त्या देशाच्या पहिल्या फुटबॉल लीगचा कागदही कुणीतरी पेन्सिल-खोडरबर घेऊन आखलेला असतो. देश किती घाईत होता, ते त्यात नोटांपेक्षा स्वच्छ दिसतं.

युक्रेनचं १९९२ घ्या. ऑगस्ट १९९१ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा, १ डिसेंबरला सार्वमत, आणि महिनाअखेर सोव्हिएत संघ कागदावरूनही पुसला गेला. सोव्हिएत लीग वसंतात सुरू होऊन थंडीच्या तोंडावर संपायची. युक्रेनला बाकी युरोपसारखा, उन्हाळा सरताना सुरू होऊन पुढच्या जूनमध्ये संपणारा हंगाम हवा होता. तो सुरू होणार ऑगस्टमध्ये. तोवर संघांनी काय करायचं? हाती होते मार्च ते जून, जेमतेम साडेतीन महिने. पहिली राष्ट्रीय लीग त्यात बसवायची होती.

संघ घेतले वीस. सहा सोव्हिएत लीगच्या वरच्या श्रेणीतले: दिनामो कीव, द्नीप्रो, शाख्तार, चोर्नोमोरेत्स, मेतालिस्त आणि झापोरिझ्झ्याचा मेतालुर्ह. दुसऱ्या श्रेणीतले दोन, बुकोविना आणि ताव्रिया. उरलेले बारा त्याहून खालच्या पायऱ्यांवरून उचललेले. विसांनी एकमेकांशी दोनदा खेळायचं तर ३८ फेऱ्या, ३८० सामने. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी मैदानात. खेळाडूंचे पाय आणि रेल्वे, दोन्ही बसले असते. म्हणून दहा-दहाचे दोन गट केले. प्रत्येक संघाला १८ सामने, दोन्ही गट मिळून १८०, आणि दोन गटविजेत्यांमध्ये अंतिम सामना.

दहा संघांच्या साखळीची चक्राकार मांडणी आपल्याकडच्या कबड्डी-खोखोच्या पंचांना झोपेत विचारली तरी येते. वरच्या ओळीत १ ते ५, खालच्या ओळीत त्यांच्याखाली १०, ९, ८, ७, ६. वरचा विरुद्ध खालचा: १–१०, २–९, ३–८, ४–७, ५–६. झाली पहिली फेरी. आता १ जागचा हलवायचा नाही, बाकी सगळे एकेक घर पुढे सरकवायचे. दुसरी फेरी येते १–९, १०–८, २–७, ३–६, ४–५. असं नऊदा केलं की प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळून मोकळा. परतीच्या नऊ फेऱ्यांत घरचं मैदान उलटं करायचं. संघ विषम असले तर एक भोपळा, म्हणजे नसलेला संघ, धरायचा. ज्याची गाठ भोपळ्याशी, त्याला त्या फेरीत सुट्टी.

इथवर सोपं. अडतं ते घर आणि बाहेर यांत. प्रत्येकाला एक सामना घरी, एक बाहेर असा सरळ क्रम हवा असतो, आणि तो सगळ्यांना देता येत नाही. का, ते मजेशीर आहे. घर-बाहेर-घर-बाहेर असा एकच क्रम दोन संघांना दिला, तर ते दोघं कायम एकाच वेळी घरी आणि एकाच वेळी बाहेर. एकमेकांना भेटणार कधी? सरळ क्रम दोनच: एक घरापासून सुरू होणारा, एक बाहेरून. म्हणजे दहांपैकी दोघांनाच तो मिळतो. उरलेल्या आठांना कधीतरी सलग दोन घरचे किंवा सलग दोन बाहेरचे सामने घ्यावेच लागतात. लीगचे पदाधिकारी बाहेरच्या जोडसामन्यांवरून ज्या तक्रारी ऐकतात, त्यांतल्या बऱ्याच गणिताविरुद्ध असतात. त्यात एका शहरात दोन संघ असले (ओदेसात आणि झापोरिझ्झ्यात होते) तर एक घरी असताना दुसरा बाहेर ठेवलेला बरा, नाहीतर तिकीटविक्री आणि पोलीस दोन्हीकडे विभागले जातात.

गट पाडण्याची खरी किंमत मात्र शेवटी मोजावी लागते. दोन गटांचे गुण एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, कारण समोरचे संघ वेगळे. मग १८ सामन्यांची मेहनत ९० मिनिटांच्या तागडीत. एका बाजूला दिनामो कीव, तेरा सोव्हिएत विजेतेपदं खिशात असलेला. दुसऱ्या बाजूला क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा ताव्रिया, जो सोव्हिएत वरच्या श्रेणीत फक्त १९८१ चा एक हंगाम टिकला होता. पण ताव्रियाकडे प्रशिक्षक अनातोली झायायेव होते, आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक १२ गोल करणारा यूरी हुदिमेन्को होता. २१ जूनला ल्विव्हमध्ये, दोघांनाही परक्या मैदानावर, ७५ व्या मिनिटाला सेर्ही शेवचेन्कोनं गोल केला. १–० आणि खेळ खलास. (मिलानमुळे जगाला ठाऊक असलेला आंद्री शेवचेन्को तो हा नव्हे; तो तेव्हा १५ वर्षांचा होता.)

घाईचे ओरखडे लीगबाहेरही दिसतात. राष्ट्रीय संघाचा पहिला सामना २९ एप्रिलला, लीग ऐन रंगात असताना, उझ्होरोदमध्ये झाला. हंगेरीकडून १–३ हार. त्या दिवशी युक्रेनकडून खेळलेला ओलेग सालेन्को दोन वर्षांनी विश्वचषकात एकाच सामन्यात पाच गोल करून गेला, पण रशियाच्या शर्टात. १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सोव्हिएत संघाची जागा रशियाला मिळाली आणि युक्रेनला प्रवेशच नव्हता, तेव्हा खेळाडूंनी कुठे जायचं हे सांगायला ज्योतिषी नको.

आपण या बाबतीत दुसऱ्या टोकाचे. भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग आली १९९६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर ४९ वर्षांनी. पहिली जिंकली फगवाड्याच्या जेसीटीनं, तिसरी गोव्याच्या साळगावकरनं. आपण वेळापत्रक आखायला अर्धशतक घेतलं, युक्रेननं एक हिवाळा.

विजेता म्हणून ताव्रिया युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या दारात गेला. आयर्लंडच्या शेलबर्नला ०–० आणि २–१ असं मागे टाकलं, पुढे स्वित्झर्लंडच्या सियोंनं ४–१, ३–१ असं बाहेर काढलं. तिकडे खालच्या फळीतले सहा संघ उतरले, दोन चढले, आणि ऑगस्टपासून १६ संघांची एकच सलग लीग सुरू झाली: ३० फेऱ्या, मध्ये हिवाळ्याची सुट्टी, विजयाला दोन गुण. शेवटी दिनामो आणि द्नीप्रो दोघांचे ४४–४४ गुण झाले आणि गोलफरकावर दिनामो वर गेला. तिथून तो सलग नऊ वेळा जिंकला. त्यानंतर शाख्तार आला, आणि २०२५ पर्यंत पूर्ण झालेल्या प्रत्येक हंगामाचं विजेतेपद या दोघांबाहेर गेलेलं नाही. तिसरं नाव फक्त पहिल्या ओळीत, ताव्रियाचं. सोळा संघ, ३० फेऱ्या आणि शेवटी अंतिम सामना नाही, अशा कागदावर ताव्रियाला पुन्हा वर चढायला फटच उरली नव्हती.