अचलपूर ते महाल : एका चेसिसचा प्रवास

चौदा महिने मनधरणी केली, तेव्हा अचलपूरच्या त्या वाड्याचं मागचं फाटक माझ्यासाठी उघडलं. गोठ्याशेजारी, कडब्याच्या पेंढ्यांआड १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए मोटारीची चेसिस, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, उभी होती. दोन्ही अ‍ॅक्सल, स्टीअरिंग आणि तारांची चारही चाकं जागेवर होती. बॉडी मात्र कधीच भंगारात गेलेली. इंजिन वेगळं, पोत्यात गुंडाळलेलं. ते याच गाडीचं की दुसऱ्या कुठल्या, हे घरात कुणालाच सांगता येईना.

छोटा हत्ती पुरणार नव्हता. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतरच १०३.५ इंच, म्हणजे साडेआठ फुटांच्या वर. म्हणून टाटा ४०७ ट्रक ठरवली. ड्रायव्हरभाऊंनी चेसिसभोवती एक चक्कर मारली.

“एवढी लांब कायले नेता भाऊ? मधातून कापून घ्या. वेल्डिंग तं नागपुरातबी होते.”

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण चेसिसमध्ये फेरफार चालत नाही. आणि नियम नसता, तरी मी करवत लावू दिली नसती.

फळ्यांचा उतार केला, चेनपुलीनं ओढून चेसिस वर घेतली. खरा वेळ गेला तो बांधण्यात. या गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोनच कमानपाटे (लीफ स्प्रिंग), तेही आडवे. त्यामुळे नुसती चेसिस डावी-उजवीकडे झुलते. पट्टा फ्रेमला आवळला, तर खड्ड्यात पाटा दबतो, पट्टा सैल पडतो आणि पाटा उसळला की सगळा हिसका फ्रेमला बसतो. म्हणून पट्टे अ‍ॅक्सलला बांधले, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकले. इंजिन केबिनला टेकवून ठेवलं.

अमरावती, मोझरी, तिवसा मागे पडलं. तळेगावच्या सत्याग्रही घाटात मागून लोखंडाचा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. एक ठोकळा निसटला होता. चाक बोटभरच सरकलं होतं, पट्ट्यांनी धरून ठेवलं. पुन्हा सगळं आवळलं. भाऊंनी स्वतःच्या टायरखालचा दगड काढून दिला, “हा बी लावा.” त्यानंतर कोंढाळीपर्यंत ते चाळीसच्या वर गेले नाहीत. मी न सांगता.

नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला पोचेपर्यंत अंधार पडला. शहरातल्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत ४०७ शिरत नाही, तेव्हा चेसिस तोंडाशीच उतरवली. ब्रेकच्या सळ्या जोडलेल्या नव्हत्या. शेजारचे दोघं ठोकळे घेऊन चाकांबरोबर चालले, बाकीच्यांनी ढकललं. मी आडव्या पट्टीवर पाट ठेवून बसलो आणि स्टीअरिंग धरलं. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती.

सगळे गेल्यावर टॉर्च घेऊन फ्रेमच्या डाव्या बाजूच्या पट्टीजवळ बसलो. कारखान्यात इंजिनचा नंबर इथेही ठोकत. एरवी तो बॉडीखाली झाकलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं गंज पुसत राहिलो. मग आरटीओच्या कामाला काढतात तशी कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतली. तशीच इंजिनच्या ब्लॉकवरची. सुरुवातीचे आकडे गंजानं खाल्लेत. शेवटचे चार दोन्ही कागदांवर सारखे आहेत.